‘हवा तं साऱ्याईची एकच, मंग माह्याच नातवाले धाप काऊन?’

(मारेगाव तालुक्यातून आलेलं पत्र. सांगणारी आई, लिहिणारी लेक. थोडं कमी केलंय, भाषा तशीच ठेवलीय. घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातलं कोळशाच्या खाणींचं गाव, सायडिंग म्हणजे कोळसा रेल्वेत भरायची जागा.)

डॉक्टरीनबाई, नमस्कार. आमची तीन एकर कोरडवाहू. दोन वर्सं कापूस बुडाला म्हून थोरला पोरगा बायको-लेकरू घेऊन घुग्घुसले गेला. कोळशाच्या सायडिंगवर ठेकेदाराकडं हाय. साडेचारशे रोजी भेटते. सायडिंगच्या रस्त्यालेच लागून टिनाची खोली, बाराशे भाडं. माहा नातू चार वर्साचा. गावी होता तवा चांगला खेळे. तिकडं गेल्यापासून खोकलते, रात्री छाती वाजते, पोट उडते. म्हैन्यातून दोन खेपा दवाखाना. वाफ देते, सुई देते, एक्या खेपेले साडेचारशे. पोराचा एक खाडा पडते तो येगळा. आता डॉक्टर म्हन्ते दम्याचा पंप घ्या. शेजारीन म्हन्ते, पंपाची सवय लागते, मंग जलमभर सुटत नाई. सुनेले पाचवा म्हैना हाय. सैपाक कोळशाच्या सिगडीवर.

मी पंधरा दिवस राहून आली. सकाळी बाजेवरची चादर झटकली तं काळी. पोराच्या मोठ्या सायेबाचं घर बी घुग्घुसातच हाय. त्याचं पोट्टं सायकल फिरवते, त्याले काई होत नाई. हवा तं साऱ्याईची एकच, मंग माह्याच नातवाले धाप काऊन? मी म्हन्ते नातवाले माह्यासंग गावी धाडा. सून नाई म्हन्ते. पोरगा म्हन्ते, रोजी सोडून गावी येऊन खाऊ काय? आमच्यात कोनाचं खरं?

ताई, नमस्कार.

आधी घाईचं सांगते. हे लेकीकडून आजच सुनेला फोनवर कळवा. लेकरू निजलेलं किंवा शांत असताना त्याचं पोट किती वेळा वर-खाली होतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. चार वर्षांच्या लेकराचा आकडा 40 किंवा त्याच्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा धापेपायी पाणीही पिता येत नसेल, तर 108 ला फोन लावायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ‘सकाळी पाहू’ म्हणून थांबलेली लेकरं मी पाहिली आहेत. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

आता तुमचा प्रश्न.

माझ्या नोकरीतली काही वर्षं कोळशाच्या पट्ट्यात गेली. ओपीडीत एकदा एका बाईला मी सवयीनं सांगून मोकळी झाले, ‘लेकराला धुळीपासून लांब ठेवा.’ ती म्हणाली, ‘म्याडम, कोन्त्या बाजूनं लांब? इकडं खदान, तिकडं सायडिंग, मंधात रस्ता.’ मी काही न बोलता पुढचा केसपेपर ओढला. त्यानंतर तो सल्ला मी कुणालाही तसा दिला नाही आणि तुम्हालाही देणार नाही.

हवा साऱ्यांची एकच, असं तुम्ही म्हणता. ताई, 2017 चा हंगाम आठवा. तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीनं वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. औषध तेच, वावर तेच. पण धुऱ्यावर उभा राहून ‘त्या तासाला मार’ म्हणणारा आणि डोक्याइतक्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन घुसणारा, या दोघांच्या अंगावर ते सारखं पडतं का? एकाचे कपडे कोरडे, दुसऱ्याचा सदरा पाठीवर ओलाचिंब. एक सांजच्याला आंघोळ करून जेवतो. दुसऱ्याला चक्कर येत असली तरी रोजी बुडू नये म्हणून सकाळी पुन्हा पंप उचलावा लागतो. घुग्घुसच्या हवेचं असंच आहे. सायेबाच्या पोराच्या आणि तुमच्या नातवाच्या नाकात जाणारी हवा एका गावची असेल, एक नाही.

सायेबाचं घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, ते आठवून पाहा. सायेबांच्या वसाहती बांधणाऱ्यांना वारा कळतो. भवताली झाडं, आतले रस्ते डांबरी, जड गाड्यांना फाटकावरच अडवलेलं. तुमच्या पोराची खोली बाराशेत मिळाली ती का? दारासमोरून रात्रंदिवस कोळशाचे हायवा ट्रक जातात म्हणून. दुसऱ्या कुणी तिथं राहायला तयार नसतं, म्हणून भाडं कमी. रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर आणि धुरळा पहिल्या दोनशे-तीनशे मीटरांत सगळ्यांत दाट असतो, पुढे विरळ होत जातो. तुमच्या नातवाची बाज त्या रस्त्यापासून किती पावलांवर आहे, ते तुम्ही पंधरा दिवस पाहिलंय.

चादरीवर पडलेलं काळं तुम्हाला दिसलं, ते खरं तर त्यातल्या त्यात भलं. जाड धूळ पुष्कळशी नाकात, घशात अडकते, खाकरून बाहेर पडते. छातीचं वाटोळं करते ती न दिसणारी. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून लहान. कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा, काहीही जळलं की ते निघतात, आणि फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत, तिथून रक्तापर्यंत पोचतात. हे कण एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीनं 60 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतील, असं आपला सरकारी नियम म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली हीच मर्यादा 15 वर आणली. म्हणजे आपल्या नियमात ‘ठीक’ ठरलेला दिवससुद्धा छातीला ठीक असतोच असं नाही. आणि मोबाइलवर हवेचा जो आकडा दिसतो तो मोजणीचं यंत्र जिथं बसवलंय तिथला. टिनाच्या खोलीच्या दारात यंत्र कुणी बसवत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याची हवा काही कालपरवा बिघडलेली नाही. 2,920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि या सगळ्यांना जोडणारे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 साली देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांची यादी केली, तेव्हाही चंद्रपूर त्यात वर होतं. 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात विदर्भातली चंद्रपूर, नागपूर, अमरावती आणि अकोला ही शहरं आली. यादी शहरांची आहे. सायडिंगलगतच्या चाळी आणि तुमच्या गावची सैपाकखोली तिच्यात येत नाहीत.

जागेनंतर घर. चंद्रपूरकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. टिनाखाली रात्री निजणं शक्य नाही, म्हणून बाज बाहेर, रस्त्याच्या कडेला. सायेबाकडे खिडक्या बंद आणि एसी चालू. हिवाळ्यात तर धूर वरच चढत नाही. थंड हवा जमिनीलगत बसते आणि दिवसभराचा धूर-धुरळा पहाटेपर्यंत वस्तीवर पांघरुणासारखा पडून राहतो. त्याच वेळी घरोघरी सिगड्या पेटतात. ट्रकमधून सांडलेला कोळसा वेचून आणला की फुकट पडतो, सिलिंडरला पैसे लागतात. सून सिगडीवर रांधते यात तिचा दोष नाही, हे आधीच लिहिते, कारण असं पत्र वाचून सासूच्या तोंडून नेमकं तेच निघतं. पण बाहेरच्या धुरात घरचा धूर मिसळला की नातवाच्या वाट्याला दोन्ही येतात, आणि पोटातल्या बाळाच्याही. असा धूर पोटुशीच्या अंगात गेला की बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो, आणि कमी वजनाचं बाळ पुढे अशाच छातीच्या दुखण्यांना लवकर बळी पडतं.

सिगडीचं आणखी एक. कोळसा लाल झाला, धूर थांबला, की लोक ती थंडीपायी आत घेतात आणि दार लावतात. बिनधुराच्या त्या निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. त्यात अख्खं घर झोपेतच जातं. पेटती सिगडी बंद खोलीत नाही म्हणजे नाही. हिवानं कुडकुडलं तरी.

मग अंग. मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला 12 ते 18 वेळा श्वास घेतो, चार वर्षांचं लेकरू 20 ते 30 वेळा. वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं, आणि त्याचं फुप्फुस अजून घडतंय. त्यात सायेबाच्या पोराच्या ताटात रोज दूध, अंडं, फळ असतं. तुमच्या नातवाच्या ताटात दोन वर्षांच्या नापिकीनंतर काय राहिलं, ते तुम्हीच जाणता. अंगात रक्त कमी आणि वजन कमी असलं की तेवढ्याच धुराला छाती लवकर हार खाते. सर्दी धरली की सरळ न्यूमोनियावर जाते.

शेवटी दवाखाना, आणि इथं फरक सगळ्यांत मोठा पडतो. माझ्याकडे दोन्ही घरची लेकरं यायची. वसाहतीतलं लेकरू खोकल्याच्या दुसऱ्या दिवशी येई, अंगात स्वेटर, हातात आधीच्या तपासण्यांची फाइल. वस्तीतलं आठव्या-नवव्या दिवशी. त्याआधी मेडिकलवाल्याकडून बाटली झालेली, कुणाकडून तरी सुई झालेली, बाप रविवारची सुट्टी धरून बसलेला. आजार एकच, आठवडा वेगळा. तुमच्या पोराला रोजी बुडवूनच दवाखाना गाठावा लागतो, हे तुम्ही एका ओळीत लिहून गेलात. माझ्या मते अख्ख्या पत्रातली ती सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

हे सगळं माझ्या मनचं नाही. अमेरिकेत 1982 पासून सुमारे पाच लाख माणसांची नोंद ठेवून हवा आणि मृत्यू यांचा संबंध पाहिला गेला. 2000 साली तोच हिशेब दुसऱ्या शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासला, तेव्हा दिसलं की ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली होती, त्यांच्यात या हवेनं मरण्याचा धोका जास्त होता. शाळा सुटली म्हणून फुप्फुस बिघडत नाही. पण शाळा सुटली की काम कोणतं मिळतं, खोली कुठं मिळते, डॉक्टर कधी गाठता येतो, हे सगळं तिच्यामागून येतं. तुम्ही पंधरा दिवसांत घुग्घुसला जे पाहिलं, ते हेच.

आता पंप. शेजारणीला माझा नमस्कार सांगा आणि तिचं ऐकू नका. दम्याच्या पंपाची सवय लागत नाही. दमा असेल तोवर तो लागतो, जसा चष्मा लागतो. सालबुटामॉलची गोळी 2 ते 4 मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याइतकं, आणि ते थेट छातीत जातं. गोळी-बाटलीचं औषध सगळ्या अंगात फिरतं. म्हणून हातपाय थरथरतात, छाती धडधडते. पंप मात्र दोन तऱ्हेचे असतात. एक धाप लागली की तेवढ्यापुरता, बहुधा निळा. दुसरा रोज घ्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा, आणि तो घेतल्यावर चूळ भरायची. यातला कोणता, किती दिवस, ते लेकराला तपासणारा डॉक्टर ठरवेल. दर खेपेला जी सुई देतात तिच्यात काय असतं, हेही त्यांना विचारा. नाव चिठ्ठीवर लिहून मागा. दर महिन्याला स्टिरॉइडची सुई टोचत राहणं चांगलं नाही.

लहान लेकराला नुसता पंप ओढता येत नाही. अर्धं औषध जिभेवर राहतं. त्यासाठी मधे डबा लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. विकत घेणं जमत नसेल तर अर्ध्या लिटरची थंड पेयाची प्लास्टिक बाटली चालते. हा माझा जुगाड नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलेली गोष्ट आहे. बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडायचं, फटी चिकटपट्टीनं बंद करायच्या. बाटली साबणाच्या पाण्यानं धुऊन, न पुसता वाळवायची, म्हणजे औषध आतल्या बाजूला चिकटत नाही. बाटलीचं तोंड लेकराच्या ओठांत, पंप एकदा दाबायचा आणि त्याला बाटलीतच पाच-सहा वेळा श्वास घेऊ द्यायचा. पहिल्यांदा डॉक्टर किंवा नर्ससमोर करून दाखवायला सांगा.

त्याआधी एक तपासणी मात्र राहू नये. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन घटलेलं किंवा वाढतच नसलेलं, घरात-शेजारी कुणाला टीबी, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करून घ्या. फुकट होते. टीबी निघाला तर औषधंही फुकट. आणि ही साडेचारशेची खेप खासगीत कशाला? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचारांचे पैसे लागत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना मोठ्या दुखण्यात भरती झाल्यावर उपयोगाची. दर महिन्याची वाफ आणि बाटली तिच्यात बसत नाही, आणि गरिबाचा पैसा तर याच किरकोळीत झिरपून जातो.

त्या पैशाचाच हिशेब करू. खोली बाराशेची. दवाखान्याच्या दोन खेपा नऊशे. एक खाडा साडेचारशे. म्हणजे ती खोली तुम्हाला महिन्याला 2,550 ला पडते. रस्त्यापासून अर्धा-एक किलोमीटर आत, सायडिंगच्या वाऱ्यापासून बाजूला, दोन हजारांत खोली मिळाली तर ती स्वस्त आहे. पोराला सांगा, रविवारी दोन-तीन मोहल्ले फिरून ये. जिथं खोली पाहशील तिथं आणि आपल्या टिनावर, दोन्हीकडे पुसट तेल लावलेली स्टीलची ताटली रात्रभर ठेवून बघ. बारीक धूळ ताटलीत कळत नाही, पण जाड कुठं कमी पडते ते कळतं, आणि एवढ्यानंही निवड सोपी होते. अडचण डिपॉझिटची येईल. तेवढ्यापुरतं तुमच्या बचत गटातून उचला. दवाखान्यासाठी उचलण्यापेक्षा हे बरं.

तुम्ही म्हणता नातवाला गावी धाडा. ताई, रागावू नका, पण तुमच्या चुलीचं काय? पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं इंधन. बंद सैपाकखोलीत हे बारीक कण शेकडो मायक्रोग्रॅमच्या घरात जातात. घरातल्या धुरानं 2020 साली जगात 32 लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात कारखान्याची चिमणी कुठंच नाही. उज्ज्वलाचं सिलिंडर तुमच्याही घरी कोपऱ्यात उभं असेल, वर्षाला दोनदा भरलेलं, पाहुणे आले की पेटणारं. विदर्भातल्या निम्म्या घरांत मी ते तसंच पाहिलंय, आणि भरायचे पैसे नसतात हेही मला माहीत आहे. राज्य सरकारनं 2024 मध्ये उज्ज्वलाच्या घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तुमच्या नावाचे आले का, ते एजन्सीत जाऊन विचारा. गावची हवा घुग्घुसपेक्षा मोकळी आहे यात वाद नाही. पण नातू दिवसभर तुमच्या पदराला धरून चुलीपाशी बसणार असेल, तर अर्धा फायदा तिथंच जळाला.

म्हणून माझं मत असं. सुनेचं बरोबर आहे, लेकराला आईपासून तोडून धाडू नका. धाप रात्री लागते आणि तेव्हा त्याला आईच हवी असते. पोराचंही बरोबर आहे, रोजी सोडून चालणार नाही. खोली बदलली तर सगळे तिथंच राहोत. दिवाळीपर्यंत खोली बदलणं जमलं नाही, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सून आणि नातू दोघंही तुमच्याकडे येऊ द्या, पंप आणि दवाखान्याचे सगळे कागद घेऊन. मात्र ते येण्याआधी चूल सैपाकखोलीतून उचलून पडवीत किंवा मोकळ्या अंगणात न्या, आणि सकाळचा सैपाक तरी गॅसवर होऊ द्या. सुनेची नोंद तुमच्या गावच्या आशाताईकडेही करून ठेवा. गरोदरपणाचं कार्ड सोबत असलं की तपासणी कुठंही होते. हे चार महिने पोरगा तिकडे एकटा राहील. तो काय खाईल याची काळजी तुम्हाला लागेल, ते मी समजू शकते.

रेशनकार्ड गावी आहे म्हणून घुग्घुसला धान्य विकत घेत असतील तर ते थांबवा. आधारला जोडलेलं कार्ड असेल तर त्यांच्या वाट्याचं धान्य तिथल्या दुकानात अंगठा देऊन उचलता येतं. नातवाचं नाव तिथल्या अंगणवाडीत घाला, वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या. घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, मग खोकल्याच्या आधी त्याचा इलाज. खाण्यात शेंगदाणे, तुरीचं वरण, अंडं, जमेल ते, पण रोज. गुळानं छाती साफ होते असं सायडिंगवर सगळे म्हणतात. ताई, गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत. आवडतो म्हणून खाऊ द्या.

डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. सिगडी पेटवताना लेकरू आणि सून दोघंही लांब, निखारे झाल्यावरच भांडं चढवायचं, तेही दाराबाहेर. बाज रस्त्याच्या अंगाला नको, खोलीच्या मागच्या अंगाला. सकाळी झाडण्याआधी पाणी शिंपडायचं किंवा ओल्या फडक्यानं पुसायचं. कोरड्या झाडूनं रात्रभर बसलेली सगळी धूळ पुन्हा लेकराच्या नाकात जाते.

तक्रारीचंही लिहिते, कारण पुढच्या पत्रात तुम्ही विचारालच. ट्रकवर ताडपत्री झाकणं आणि रस्त्यावर पाणी मारणं हे करायचं असतं, आणि होत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात आणि नगर परिषदेत लेखी तक्रार देता येते, तारखा आणि फोटो लावून. पण अर्जावर पहिलं नाव तुमच्या पोराचं नको. ठेक्यातल्या माणसाला काढून टाकायला कारण लागत नाही. वस्तीतल्या बायकांच्या गटानं मिळून अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी.

आणि ताई, एक गोष्ट मला खटकली. नातवाचा खोकला तुम्ही लिहिला, सुनेचा पाचवा महिना लिहिला, सायेबाच्या पोराची सायकलसुद्धा लिहिली. जो माणूस दिवसभर त्या सायडिंगवर उभा असतो, त्याच्या छातीबद्दल एक शब्द नाही. तो तोंडाला काय बांधतो? दुपट्ट्यानं जाड धूळ थोडी अडते, बारीक नाही. त्याला एन-95 चा मास्क लागतो, नाकाशी घट्ट बसणारा, आणि तो ठेकेदारानं द्यायला हवा. कामाचे कपडे न्हाणीतच उतरवायचे, वेगळे धुवायचे, त्या कपड्यांनी लेकराला उचलून घ्यायचं नाही. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापलेली दिसते का, ते पाहायला सांगा. कापत असतील तर त्याचा आणि घरच्यांचा दवाखाना त्यात होतो. सायडिंग खाणीच्या हद्दीत असेल तर ठेक्यातल्या कामगाराचीही ठरावीक काळानं छातीची तपासणी व्हायला हवी.

पत्र लिहिणाऱ्या लेकीला: बाई, तुझं अक्षर सुरेख आहे. भावाला रात्री फोन लाव आणि तो बोलत असताना ऐक, एका वाक्यात किती वेळा खोकतो ते. आईनं सांगितलं नाही तरी पुढच्या पत्रात तेवढं तू लिही.